थंडीतले वाचन आनंदाचे असू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की वर्षभरातील महत्त्वाच्या पुस्तकांच्या याद्या मराठी वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. त्या मी आस्थेने वाचते आणि त्यांतील काही पुस्तके मागवतेही. मात्र पुरस्कार मिळालेली, चर्चेत असलेली, वाचायलाच हवीत अशी पुस्तके सांगणाऱ्या या याद्यांत एक गोष्ट सहसा सापडत नाही, ती म्हणजे थंडीच्या रात्री खाली ठेववणार नाहीत अशी पुस्तके कोणती आणि ती निवडावीत कशी. बडोद्यासारख्या शहरात, जिथे मराठी घरात बोलली जाते पण शाळेत आणि बाजारात क्वचितच वाचली जाते, तिथे या प्रश्नाचे उत्तर अधिक निकडीचे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बडोद्याची थंडी कडाक्याची नसली तरी वाचनाला तिच्याइतका सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली लग्नसराई १६ डिसेंबरच्या सुमारास थांबते, कारण गुजराती शेजाऱ्यांची कमुरता, म्हणजे लग्नाला वर्ज्य मानलेला काळ, आणि आपला धनुर्मास एकाच वेळी लागतात. तेव्हापासून १४ जानेवारीच्या उत्तरायणापर्यंत लग्नाची आमंत्रणे नसतात, सहाच्या सुमारास दिवेलागण होते आणि जेवणे आटोपल्यावर दीड-दोन तास हाताशी मोकळे राहतात. परदेशी असलेली मुले-नातवंडे याच दिवसांत घरी येतात. शिवाय मार्गशीर्षात मोठ्याने वाचण्याची रीत आपल्या घरांत पूर्वीपासून आहेच. गुरुवारी महालक्ष्मीची कहाणी वाचली जाते, दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो, रोजचा पाठ ठरलेला असतो आणि ऐकायला घरातली माणसे बसलेली असतात. ज्या घराला ही बैठक ठाऊक आहे, त्या घराला कथा-कादंबरीसाठी रात्रीचा एक तास राखून ठेवणे जड जाऊ नये.

मग अडते कुठे, तर निवडीत. नव्या वर्षाच्या संकल्पाच्या भरात आपण पाच-सहाशे पानांच्या कादंबऱ्या एकदम घेतो, कारण त्या वाचल्या पाहिजेत असे कोणीतरी सांगितलेले असते. पहिल्या कादंबरीच्या चाळिसाव्या पानावर खूण राहते आणि ती तिथेच राहून संक्रांत येते. त्या कादंबऱ्या वाईट नसतात, पण कर्तव्य म्हणून हाती घेतलेले पुस्तक दिवसभराच्या कामानंतर डोळ्यांवरची झोप उडवू शकत नाही. आनंद हा वाचनाचा दुय्यम हेतू आहे आणि तो मान्य करणे म्हणजे आपली अभिरुची उणी असल्याची कबुली देणे, अशी एक समजूत सुशिक्षित घरांत मूळ धरून आहे. ती मला अजिबात मान्य नाही. ज्या पुस्तकात आपण रमतो तेच आपण शेवटापर्यंत वाचतो, त्यावरच दुसऱ्याशी बोलतो आणि तेच पुढच्या पिढीच्या हातात देतो.

आनंद देणारे पुस्तक ओळखण्याची माझी रीत साधी आहे. पहिले पान बहुतेक लेखक जपूनच लिहितात, म्हणून मी मधले एखादे पान उघडून उभ्याउभ्या वाचते. पान उलटायला हात आपोआप गेला, तर ते पुस्तक घरी आणते. ग्रंथालयातले पुस्तक असेल तर शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी अवश्य पाहावी. तिच्यावर शिक्क्यांची गर्दी असेल, चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर अनेक अनोळखी वाचकांनी त्या पुस्तकाची शिफारस आधीच करून ठेवलेली असते. याउलट एखाद्या चांगल्या पुस्तकाची चिठ्ठी कोरी राहिली असेल, तर तिच्यावर पहिला शिक्का आपण उमटवावा. अक्षराचा आकार आणि पुस्तकाचे वजन या गोष्टींचा विचार करणे अनेकांना क्षुल्लक वाटेल, पण पांघरुणातून एकच हात बाहेर काढून वाचणाऱ्या ज्येष्ठांसाठी बारीक टायपातला जाडजूड ग्रंथ निरुपयोगी आहे. त्यांच्यासाठी हलक्या बांधणीचे, लहान प्रकरणांचे पुस्तक निवडावे, म्हणजे दोन प्रकरणे वाचून दिवा मालवताना काही अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही.

सुरुवात दिवाळी अंकांनी करण्यास काहीच हरकत नाही. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाबरोबर वाचायला काहीतरी देण्याची ही प्रथा मराठीत रुजली. आम्ही मात्र ते अंक दिवाळीतच घाईने चाळून टाकतो. चार शेजाऱ्यांनी वेगवेगळे अंक घेऊन आळीपाळीने फिरवले, तर तेवढ्या खर्चात निम्मा हिवाळा सहज निघतो.

पुस्तकांपैकी तीन सांगते, कारण उदाहरणाशिवाय हे बोलणे अधांतरी राहील. पहिले विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार असल्याचे ऐकून, दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते प्रत्यक्ष शहरात होते, वाटेत लुटले गेले, आणि तरीही गंगेची कावड घेऊन घरी परतले. १९०७ मध्ये छापलेला हा वृत्तान्त इतिहासाचे साधन म्हणून नेहमी सांगितला जातो. मी तो उत्कंठेने वाचण्याचे पुस्तक म्हणून सुचवते, कारण पुढच्या मुक्कामी काय होणार ही धाकधूक त्यात पानोपानी आहे. दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिले असावे इतके त्यातले मराठी बोलके आहे. दुःखाचे प्रसंगही लक्ष्मीबाई इतक्या निर्मळ विनोदाने सांगतात की ऐकणारी माणसे डोळे पुसता पुसता हसतात.

तिसरी शिफारस चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या कथांची, आणि येथे बडोदेकर म्हणून मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. पाली भाषेचा हा गाढा अभ्यासक बडोद्याच्या महाविद्यालयात शिकवत होता. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या फजित्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतल्या आणि पुढे दूरदर्शनवरही त्या घरोघरी पोचल्या, परंतु त्या लिहिणाऱ्या माणसाचे आपल्या शहराशी इतके जवळचे नाते होते हे येथील तरुण मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. या कथा एका बैठकीत संपतात, त्यांत कोणाचा उपमर्द नाही आणि सत्तरीची आजी व बारा वर्षांची नात एकाच वाक्याला हसतात. थंडीतल्या रात्री घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ऐकावे असे याहून चांगले मराठी साहित्य मला तरी सुचत नाही.

मुलांच्या बाबतीत आपण निवडीत सर्वाधिक चुकतो असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी यावे या कळकळीने आपण त्यांच्या हाती संस्कारकथा आणि थोरांची चरित्रे देतो. मूल गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकत असते. देवनागरी त्याला हिंदीमुळे येते, पण मराठीची लांब वाक्ये वाचताना त्याला दम लागतो. अशा वेळी त्याला पुढे ओढून नेणारे काहीतरी गोष्टीतच असावे लागते. आमच्या शेजारची एक मुलगी गुजराती माध्यमात शिकते. तिला भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे पुस्तक दिले, तेव्हा आरंभी ती शब्दाखाली बोट ठेवून, ‘चांगला’ आणि ‘चार’ यांतला च वेगळा म्हणायचा का हे मला विचारत वाचत होती. फुरसुंगीचा तो किडकिडीत पोरगा संकटात सापडला तेव्हा बोट केव्हा उचलले गेले ते तिलाही कळले नाही, आणि जेवायला हाक मारणाऱ्या आईला तिने “हे पान होऊ दे” असे मराठीत सांगितले. एरवी ती आईला गुजरातीत उत्तर देते. व्याकरणाच्या पुस्तकाने हे घडले नसते.

हे सर्व बडोद्यात अवघड वाटू नये अशी आपली परंपरा आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शिकलेला माणूस वाचायला काही न मिळाल्याने पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तके धाडणारी फिरती ग्रंथालये त्यातूनच निघाली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली पोलादी मांडणी आणि वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपू देणारी काचेची जमीन आजही पाहण्यासारखी आहे. तिथल्या मराठी कपाटांसमोर उभे राहून वर सांगितल्याप्रमाणे मधली पाने वाचण्यात एक सकाळ घालवावी, असे मी प्रत्येक मराठी कुटुंबाला सुचवीन. २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरले, तेव्हा मराठीविषयी पुष्कळ उत्साह दिसला होता. तो उत्साह घरच्या दिव्याखाली टिकावा असे मनापासून वाटते.

यासाठी दोन विनंत्या आहेत. शहरातील ग्रंथालयांनी आणि मराठी मंडळांच्या वाचनालयांनी दिवाळी ते संक्रांत या काळात सभासदांना एक पुस्तक जास्त द्यावे, परतीची मुदत वाढवावी आणि सर्वाधिक शिक्के पडलेली मराठी पुस्तके दाराजवळच्या एका वेगळ्या फळीवर मांडावीत. यासाठी फारसा खर्च येणार नाही.

दुसरी विनंती आपल्याला आहे. धनुर्मासाच्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी आनंदाने वाचलेल्या पुस्तकांसाठी लहानसा चौकोन राखून ठेवावा. पुस्तक नवे असण्याची अट नसावी. वाचकाने केवळ पुस्तकाचे नाव, ते कोणत्या वयाला रुचेल, मोठ्याने वाचण्याजोगे आहे का आणि शहरातल्या कोणत्या ग्रंथालयात मिळाले, एवढेच कळवावे. आपण हे सदर सुरू केलेत तर माझी पहिली नोंद ‘स्मृतिचित्रे’ची समजावी: वय बारापासून पुढे, मोठ्याने वाचण्यास उत्तम, एका रात्री एकच प्रकरण.

आपली,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे