माळ नको, तपासणी हवी

महोदय,

माझ्या वहिनींना बाळंतपणात रक्त चढवलं १९९० च्या सुमारास, रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची (विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराची) तपासणी सक्तीची होण्याआधी. त्या आजाराचं निदान झालं यंदा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी. शेजारीण म्हणते, काविळीची माळ घाला! (कावीळ झालीच नव्हती.)

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन् महिने घ्यावी लागत, तरी खात्री नसे. आता सोफोसबुविर-डॅक्लाटासविरच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे. शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात. २०१८ च्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या मोफत आहेत. पण आजार वर्षानुवर्षं गप्प असतो, लसही नाही. आपल्या तालमी-मंडळं साखर तपासायची शिबिरं भरवतात. तिथेच पूर्वी रक्त घेतलेल्यांची, डायलिसिसवाल्यांची हिपॅटायटिस सीसाठीही तपासणी करा. आणि लिव्हर सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) झालेल्यांना विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, हे डॉक्टरांनी फाइलवर मराठीत लिहून द्यावं.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर