शिरीष, रंगाऱ्याला थोडं थांबव

कोथरूड, पुणे
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला ओल धरलेल्या भिंतीचा फोटो काल रात्री तीनदा मोठा करून पाहिला. त्याखाली 'दिवाळीच्या आत रंगारी येतोय' हे वाचलं आणि झोपच लागेना. फोनवर बोललो असतो तर निम्मं सांगायचं राहिलं असतं, म्हणून लिहायला बसलो. रंगाऱ्याला थांबव. मैथिलीचा साखरपुडा घरीच आहे, पाहुणे येणार, भिंत तशी कशी ठेवायची, हे मला कळतं. तरी थांबव.

आमच्या मागच्या खोलीतली पश्चिमेची भिंत तुला आठवत असेल, आईच्या उशाशी होती ती. पहिल्या वर्षी खिडकीखाली तळहाताएवढा डाग आला. रंगाऱ्याने पोपडे खरवडले, वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले, वरून पुट्टी, रंग. भिंत छान दिसली. पुढच्या श्रावणात तो सगळा थर फुगून सुटला. पाणी बाहेरून येत होतं आणि मी फक्त आतून दार लावलं होतं, त्यामुळे ते गिलाव्यातच कोंडलं. कपाटामागे काळी बुरशी धरली. त्या पावसाळ्यात आईचा दमा किती वाढला होता, ते तू पाहिलंयस. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मग एक वयस्कर गवंडी आले. भिंतीला हात लावायच्या आधी त्यांनी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढली, शेजारी तारीख घातली आणि म्हणाले, आता पंधरा दिवस नुसतं बघा. त्या रेघेने मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही. रिमझिम पावसात डाग हलत नसे. सिंहगडाच्या बाजूने वारा सुटून सरी आडव्या आल्या की दुसऱ्या दिवशी तो दोन बोटं पुढे. म्हणजे पाइप नव्हे, पाऊस. उघडीप मिळाल्यावर बाहेरून नळी लावून खालपासून वर थोडी थोडी भिंत भिजवली, प्रत्येक टप्प्याला वीस मिनिटं. खिडकीपर्यंत काही नाही. वरच्या बीम आणि विटांच्या सांध्यावर पाणी सोडलं, आणि तासाभरात आत ओल उतरली. चीर होती दोरीएवढी, डागापासून चार फूट वर! परांची बांधून ती रुंद खणली, पॉलिमरचा मसाला भरला, सांध्यावर जाळी ठोकून गिलावा केला. खिडकीच्या कट्ट्याचा उतार आत होता, तो बाहेर काढला. बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी सोसायटीच्या खर्चात बसतं, तसं सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमांत, आहे. मला ते उशिरा कळलं.

तुझ्या फोटोतला डाग मात्र वेगळा वाटतो. फरशीपासून दोन फुटांच्या वर तो गेलेला नाही आणि कडेला क्षारांचा पांढरा लोणा फुललाय. तू सातव्या मजल्यावर, तेव्हा जमिनीतून ओल चढण्याचा प्रश्नच नाही. पलीकडे बाथरूम आहे ना? शिवाय तू लिहिलंयस की मे महिन्यातही डाग होता. माझा सगळा संशय तिथल्या फरशीवर आणि नहाणी ट्रॅपवर, म्हणजे सांडपाणी जिथून खाली उतरतं त्या जाळीखालच्या भांड्यावर, आहे. पण माझ्या संशयावर एक टाइलही फोडू नकोस. आधी डागाभोवती रेघ ओढ. एका रात्री बाथरूमचा आतला कॉक बंद ठेव आणि ओल थांबते का बघ. नळाच्या पाइपात चोवीस तास दाब असतो, त्यामुळे तो गळत असेल तर बाथरूम वापरलं नाही तरी ओल वाढतच राहते. सांडपाण्याची वाट गळत असेल तर ती वापराप्रमाणे कमीजास्त होते. मग ट्रॅपला कापड कोंबून फरशीवर दोन इंच पाणी एक दिवस साठव. त्याआधी खालच्यांना सांगून ठेव, त्यांच्या छतावरही लक्ष हवं. रेघ ओलांडली, तर चोर सापडला.

भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने दोन दिवस चिकटवूनही बघ. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ती कोंदट हवेची वाफ, खिडक्या उघडल्या की निम्मं काम झालं. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतच आहे.

लोणा ओल्या फडक्याने पुसू नकोस. तो पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने झाड, खाली वर्तमानपत्र धर.

आणि वाळण्याची घाई नको. जुने मिस्त्री इंचामागे एक महिना धरतात. आम्ही सडका गिलावा विटेपर्यंत काढला, पंखा लावून ठेवला आणि रंग थेट फेब्रुवारीत दिला. अजून एक पोपडा सुटलेला नाही.

एक गोष्ट आजच कर. फ्लॅटचा ताबा मिळून तुला पाच वर्षं झालेली नाहीत. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्यात, कलम १४ आहे: ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. रंग लावलास तर दाखवणार काय? तारखेसह फोटो काढ, रेघेसकट, आणि लेखी कळव. पोच घे.

साखरपुड्याला त्या भिंतीपुढे कपाट सरकवू नकोस, हवा लागू दे. वहिनींकडची ती इरकली साडी दोरीवर सोडली, भिंतीपासून वीतभर पुढे, तर कुणाला काही दिसणार नाही. फुलांच्या माळा मी मंडईतून आणतो.

रविवारी सकाळी धायरीला येतो. पेन्सिल आणि टेप माझ्याकडे आहे, बाथरूममधल्या बादल्या तेवढ्या बाहेर काढून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझा,
मोहन