तालकटोऱ्यातल्या त्या ताईंचे आभार

फेब्रुवारी २०२५, दिल्लीतलं ९८वं साहित्य संमेलन. आम्ही चौघी मैत्रिणी, एरवी फोनवरच भेटणाऱ्या, तालकटोरा स्टेडियममध्ये अखेर एकत्र आलो. पुस्तकांच्या गर्दीत माझी चुकामूक झाली. फोन बंद, त्यात साखर उतरून हातपाय थरथरू लागले.

तिथल्या एका स्वयंसेवक ताईंनी मला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या डब्यातली गूळपोळी मोडून भरवली. हो, भरवली, माझ्या हातात धरवतच नव्हती. मला पाठ होता तो फक्त घरचा नंबर. त्यांनी पुण्याला फोन लावून मैत्रिणीचा नंबर मिळवला, आणि त्या तिघी येईपर्यंत माझा हात सोडला नाही. त्यांचं आवडीचं कविसंमेलन त्यात बुडालं.

ताई, मनापासून आभार. नाव विचारायचं राहिलं. तुमचा डबा माझ्या पिशवीत आलाय, जपून ठेवलाय.