'रन' म्हणजे नुसते धावणे नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या विद्यार्थी पानावरील इंग्रजी क्रियापदांच्या चौकटीत 'रन : धावणे' एवढ्यावरच बोळवण केलेली पाहिली. अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्या शिदोरीवर इंग्रजी बातमीचा एक परिच्छेदही पार होत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात ही नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. त्याआधी, १९८९ च्या आवृत्तीत, सर्वांत लांबलचक नोंदीचा मान 'सेट'कडे होता.

हे सगळे पाठ करा असे कोण म्हणेल? पण कर्ता बदलला की अर्थ कसा फिरतो, हे तरी दाखवावे. नाक 'रन' होते म्हणजे वाहते, कपड्याचा रंग 'रन' होतो म्हणजे धुताना उतरून पसरतो. जुन्या इंग्रजीपासून या शब्दाला वाहण्याचा अर्थ आहेच. कंपनी मात्र कोणीतरी 'रन' करते, म्हणजे चालवते. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' होतो. (आपणही उभेच राहतो!)

खरी फजिती होते ती 'रन आउट'पाशी. 'आमचा वेळ संपला' या वाक्यात आपला कर्ता वेळ. इंग्रजीत 'टाइम हॅज रन आउट' चालते आणि 'वी हॅव रन आउट ऑफ टाइम'ही चालते. ज्याच्याजवळचे काही संपते तो कर्ता झाला, की संपलेल्या गोष्टीच्या नावाआधी 'ऑफ' हवा; संपणारी गोष्टच कर्ता असेल तर नको. मुले दोन्हींची खिचडी करून 'टाइम हॅज रन आउट ऑफ' लिहितात. 'रन म्हणजे धावणे' एवढेच शिकलेल्या मुलाला ही चूक कशी कळावी? आपले 'लागणे' तरी परक्याला एका शब्दात शिकवता येईल का? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरीही लागते.

तेव्हा विनंती अशी, की चौकटीत रोज पाच क्रियापदे देण्याऐवजी एकच द्यावे, पण चार-पाच पूर्ण वाक्यांसह. शिवाय तिन्ही रूपे छापावीत. 'रन, रॅन, रन' यातले तिसरे रूप पहिल्यासारखेच असते, हे ठाऊक नसल्याने 'हॅज रॅन' सर्रास लिहिले जाते.

आपला,
एक नियमित वाचक