आई-बाबा, रंग तुम्हीच सांगायचे

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही तिकडे पुण्यात, म्हणून इथलं कळवते. सोलापूरच्या आपल्या नव्या घराचा बाहेरचा गिलावा पुरा झाला. आतल्या भिंतींना पाणी मारायचं थांबवलंय, आता त्या वाळतायत. पेंटर येऊन मापं घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, "ताई, शेड नंबर द्या, माल मागवतो." मी दिले नाहीत. आईला फोन केला तर ती म्हणाली, "तुमच्या आवडीनं करा गं, आमचं आता काय राहिलंय." त्यावर फोनवरच बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितेय.

आई, घर दादाच्या कर्जावर आणि माझ्या देखरेखीवर उभं राहतंय हे खरं. पण दादा सुट्टीला येणार, मी रविवारी येणार. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत त्या भिंती बघणार तुम्ही दोघं. तेव्हा तुमच्या डोळ्यांना काय बरं वाटतं, उठता-बसता काय नीट दिसतं, उन्हाळ्यात कुठल्या खोलीत बसवतं, यावरूनच रंग ठरले पाहिजेत. आणि आम्हाला यातलं काय कळतंय, असं तर मुळीच म्हणू नका. बाबांची उभी हयात चादरीच्या कारखान्यात, रंगखात्यात गेली. त्यांच्याइतकी रंगाची जाण आपल्या घरात दुसऱ्या कुणाला नाही.

दादानं मला मोबाईलवर घरांचे फोटो पाठवलेत. बाहेरून गडद करडं, आतून भिंती, फरशी, ओटा सगळं पांढरं. देखणं दिसतं, नाही म्हणत नाही. पण एप्रिल-मेत आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर जातो. गडद भिंत अंगावर पडलेलं बहुतेक ऊन पिऊन घेते, पांढरी त्यातलं बरंचसं परत फेकते. होटगी रोडच्या नव्या घरांवर हा काळपट करडा रंग दिसायला लागलाय. मला तो आपल्या गावात पटत नाही.

बाबा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते, ते तुम्हीच मला अंगणात उभं करून दाखवलं होतं. सोलापूर साधारण 17.7 अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्ट लागता-लागता, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, लक्षात येत नाही. घराचे रंग ठरवताना मला याचा फार उपयोग झाला. कडक उन्हाळ्यात बाराच्या सुमाराचं ऊन भिंतींवर जवळजवळ पडतच नाही, सगळं स्लॅब खातो. म्हणून गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करायला सांगितलंय. त्यात नक्षीला निळे-लाल तुकडे घालू का, असं मिस्त्री विचारत होता. नको म्हटलं, गच्ची पांढरीच हवी.

भिंतींत सगळ्यात वाईट ती पश्चिमेची. दुपारी तीनपासून मावळेपर्यंत ऊन आडवं होऊन तिच्यावर येतं आणि तापलेली वीट ती धग रात्री खोलीत सोडत राहते. तुमची झोपायची खोली नेमकी त्या बाजूला आली आहे, प्लॉटच तसा आहे. तिथं बाहेरून सगळ्यात फिका रंग, खिडकीवर रुंद छज्जा, आणि भिंतीलगत कडुनिंब तसाच ठेवलाय. बांधकामवाला तो तोडू म्हणत होता, मी तोडू दिला नाही.

दक्षिणेची गोष्ट निराळी. मे-जूनमध्ये तिला थेट ऊन लागत नाही म्हटलं तरी चालेल. थंडीत मात्र सूर्य दक्षिणेला कलतो, डिसेंबरात भर दुपारीही तो साधारण 49-50 अंशांपर्यंतच चढतो, आणि ते ऊन या भिंतीला मिळतं. तेव्हा ऊब हवीच असते. म्हणजे गडद रंगाची हौस करायची तर हीच जागा, आणि रस्त्यावरून दिसते तीही हीच भिंत. माझ्या मनात गेरू आहे. गेरू आणि रामरज (पिवळी माती) यांचा रंग लोखंडाच्या ऑक्साईडचा, तो उन्हानं सहसा उडत नाही. पण बाजारातले भडक लाल आणि लिंबासारखे पिवळे काही वर्षांत फिके पडलेले मी पाहिलेत. पक्का रंग आणि कच्चा रंग म्हणजे काय, हे बाबांना मी सांगायला नको. आता गेरू किती तांबडा, किती तपकिरी, ते बाबांनी सांगायचं.

आता आई, तुझ्या डोळ्यांबद्दल. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तू म्हणाली होतीस की एका डोळ्यानं दादाच्या घरची भिंत पांढरीशुभ्र दिसते आणि दुसऱ्यानं मळकट, चहा सांडल्यासारखी. मी त्यावर बरंच वाचलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवतं. मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं की तो निळा परत दिसायला लागतो. म्हणून तुला एकच भिंत दोन रंगांची दिसतेय. तुझा डावा डोळा अजून व्हायचाय आणि बाबांचे दोन्ही. शिवाय साठीतल्या माणसाच्या डोळ्यात आत पोचणारा उजेड विशीतल्या पोराच्या साधारण तिसरा हिस्साच असतो म्हणतात. हे कळल्यावर मला ती पांढऱ्यावर पांढरी घरं बघवेनात. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड, पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण, राखाडी जिन्याला राखाडी कड. त्यात पाय कुठं टाकायचा, हात कुठं लावायचा, हे म्हाताऱ्या डोळ्याला सांगणारं काहीच नाही.

निळ्या-हिरव्यातला बारीक फरक पिवळट भिंगातून पुसला जातो, पण फिकं आणि गडद यातला फरक टिकतो. सगळी आखणी मी त्यावर केलीय. कमोडच्या मागं गडद हिरवी टाईल. आधाराला धरायच्या भिंतीतल्या दांड्या फिक्या टाईलवर गडद. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या दगडाची पट्टी, पायऱ्या शहाबादीच्या. तुमच्या खोलीच्या बाजूचं बाथरूमचं दार बाकीच्या दारांपेक्षा वेगळ्या रंगाचं, म्हणजे रात्री अर्धवट झोपेतही चुकायला नको. बटणांच्या पाट्या गडद. इंटिरिअर करणारा मुलगा म्हणाला, हे 'क्लीन' दिसणार नाही. मी त्याला सांगितलं, बाबांचा गुडघा आणि आईचा डोळा यांना विचारून काम करायचं आहे.

शहाबादी म्हटलं म्हणून सांगते, जुन्या घरातली फरशी मी फोडू दिली नाही. एकेक लादी काढून, पाठीचं सिमेंट खरवडून कुंपणालगत उभी करून ठेवलीय. ती पडवीत आणि जिन्याला पुरेल. आत चकचकीत व्हिट्रिफाइडच घ्या म्हणून सगळे मागं लागलेत, पण त्यावर खिडकीतलं ऊन पडलं की डोळे दिपतात आणि पाणी सांडलं की घसरतं. म्हणून आतही मॅट फरशीच घेतेय. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, तो लिंबू-चिंचेनं आणि ॲसिडनं खराब होतो. तेव्हा पुसायला येणाऱ्या मावशींना ॲसिड आणू देऊ नका, एवढं एक पथ्य.

ओटा काळा नको. आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर रोज दिसतात हे एक, आणि दुसरं मोठं कारण म्हणजे तापलेला काळा तवा काळ्या ग्रॅनाईटवर ठेवला तर त्याची कड तुला दिसणार नाही. अगदी पांढऱ्यावर हळद बसते. म्हणून फिका करडा बघून ठेवलाय. पटत नसेल तर सांग.

देवघराबद्दल मात्र मी एक गोष्ट तुला न विचारता करून टाकलीय. त्या भिंतींना पुट्टी लावायची नाही असं पेंटरला बजावलंय. पुट्टी आणि प्रायमर बसलं की मग चुना धरत नाही. दिवाळीच्या आधी तू पिंपात चुना विरवायचीस, त्यात निळीची पुडी सोडायचीस आणि आम्हा दोघांना बादल्या धरून उभं करायचीस. त्या भिंतीचा पांढरा मला अजून कुठल्या डब्यात मिळाला नाही. नीळ चुन्याचा पिवळेपणा मारते आणि चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, म्हणून त्या भिंतीला तसा गारवा आणि तशी चमक होती. नंतर डिस्टेंपर आलं आणि भिंतीला टेकलं की पाठ पांढरी व्हायला लागली. देवघरापुरता तरी चुना हवाच. निळीचं प्रमाण तूच सांगायचं, इथल्या कुणाच्याही हातानं ते नीट व्हायचं नाही.

बाकी खोल्यांच्या आतल्या भिंती मला शांत हव्यात. दुधी, फिका पिवळा, फार तर एखादा पिस्त्याचा. आपल्या घरात भिंतींशिवायही रंग कमी नाहीत. कपाटावरच्या चादरी मी गाठोडी सोडून उन्हात घातल्या. मरून, मोरपंखी, बाबांना आवडणारा तो गर्द जांभळा. एवढी वर्षं धुऊनही रंग हललेला नाही. त्या दिवाणावर आणि पलंगांवर घालायच्या. दादा म्हणत होता एखादी फ्रेम करून भिंतीवर लावू. नको. चादर अंगावर घ्यायची आणि अंथरायची वस्तू आहे. शिवाय ती दोन्ही अंगांनी वापरता येते: एका बाजूला मरून जमिनीवर पिवळी फुलं, पलटली की पिवळ्या जमिनीवर मरून. उन्हाळ्यात फिकी बाजू वर, थंडीत गडद, एवढ्यानं खोली बदलते. फ्रेममध्ये तिची अर्धी शोभा भिंतीला तोंड करून बसेल.

भिंतीवर लावायचीच तर बाबांनी ट्रंकेत जपलेली जकार्ड मागाच्या भोकांच्या पत्त्यांची माळ लावू. दारासमोरच्या भिंतीवर तिच्यासाठी जागा सोडलीय, वर दिव्याचा पॉइंटही काढलाय. येणारा-जाणारा विचारेल तेव्हा बाबांनी सांगायचं, कुठल्या भोकानं कुठला धागा उचलला जायचा ते.

दिव्यांचं थोडक्यात. बसायच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत 2700-3000 केल्व्हिनचे पिवळसर, बाबांच्या पेपर वाचायच्या खुर्चीशी आणि ओट्यावर 4000 चे जास्त उजेडाचे. ते निळसर पांढरे 6500 चे मला घरात नकोत, त्यांच्याखाली गेरूसुद्धा मेलेला दिसतो.

आता काम. शेड कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरून रंग ठरवायचा नाही, तोच भिंतभर पसरला की जास्त भडक वाटतो. बाबा रंगलेल्या सुताची लड कारखान्याच्या दारात उजेडात नेऊन बघायचे आणि मगच माल पुढं सोडायचे. तसंच करू. मी मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून नमुने केलेत, मागं नंबर लिहिलेत. ते शनिवारी दादाच्या मित्राबरोबर गाडीनं पाठवतेय. पुण्यातल्या हॉलच्या ट्यूबखाली बघू नका. गच्चीत सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि संध्याकाळी खोलीत पिवळ्या दिव्याखाली एकदा बघा. आई, तू आधी उजव्या डोळ्यानं बघ, मग डाव्या, आणि दोन्ही डोळ्यांना बरा वाटेल तोच नंबर कळव. दोघांचं जमलं नाही तर पश्चिमेची खोली आईची, दक्षिणेची भिंत आणि पुढचं दार बाबांचं. दारावर तर बाबा म्हणतील तो रंग, मी त्यात एक शब्द बोलणार नाही.

घाई नाही. गिलावा महिनाभर तरी पुरता वाळला पाहिजे, नाहीतर आतला ओलावा आणि क्षार बाहेर येऊन रंगाचे पोपडे धरतात, आणि बोअरच्या पाण्यानं ती भीती जास्त. पण पौषात वास्तुशांत नको म्हणशील, म्हणून मार्गशीर्षात उरकू. मग संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला बाबा नव्या घरातून पांढरी बाराबंदी घालून निघतील, आणि गड्ड्याची जत्रा फिरून सगळे तिथंच जेवायला येतील. भाकऱ्या मी करीन, शेंगाचटणी तू कुटून ठेव.

डोळ्यात थेंब वेळेवर घाल. बाबांना म्हणावं, जिना उतरताना कठडा धरा. नंबर पुठ्ठ्यांवरच लिहून पाठवलेत तरी चालेल, फक्त दोघांनीही लिहा.

तुमची,
धाकटी