दहाची घंटा

स्ट्रासबर्ग, रविवार रात्र

प्रिय आई, पप्पा आणि आजी,

मी बरा आहे. थंडी आता अंगवळणी पडली. चर्चची मिस्साही चुकवत नाही. आई, परवा फोनवर तू गप्प झालीस म्हणून आधीच सांगतो.

आता आजीचा प्रश्न. घरमालकीण यहुदी आहेत म्हटल्यावर तू विचारलंस, "म्हणजे आपल्या येशूला मारणारे?" आजी, रागावू नकोस. येशू यहुदी, मरियामाता यहुदी, प्रेषितही यहुदीच.

इथल्या कॅथेड्रलच्या दक्षिण दारावर दोन बायकांचे पुतळे आहेत, मूळ १२३० च्या सुमाराचे, आता दारावर त्यांच्या नकला. एक ख्रिस्तसभा: मुकुट, हातात क्रूस. दुसरी यहुद्यांचं सभास्थान: डोळ्यांवर पट्टी, भाला मोडलेला, नियमशास्त्राच्या पाट्या हातून निसटताहेत. देवाने हिला टाकलं नि तिला घेतलं, असं दगडात कोरलंय. (खरं सांगू? पट्टीवालीच देखणी आहे.)

आणि रोज रात्री दहाला घंटा, चांगली लांबलचक. पहिल्यांदा वाटलं, कुठे आग लागली. मिस्सा नाही, मयत नाही, मग कशाला? तर १३४९ च्या १४ फेब्रुवारीला, विहिरींत विष कालवून प्लेग आणतात म्हणत, इथल्या यहुद्यांना जाळलं. पुढे कित्येक शतकं यहुद्यांनी फक्त दिवसा व्यापाराला यायचं आणि रात्री दहाला शिंग वाजलं की वेशीबाहेर. शिंग फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी बंद पडलं, घंटा राहिली. शेजारी म्हणतात, परंपरा. घरमालकीणबाई मात्र घंटा सुरू झाली की उठून खिडकी लावतात. मी कधी विचारलं नाही.

आजी, तुझ्या लहानपणी गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांना 'अविश्वासू' म्हणत. तो शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढला. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने स्पष्टच लिहिलं, येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट यहुद्यांवर नाही, आजच्यांवर तर नाहीच. प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना आधीच बजावलं होतं: तुम्ही यहुद्यांच्या झाडावर कलम केलेली फांदी, मूळ तुम्हाला पोसतं, तुम्ही मुळाला नाही. पप्पांनी आयुष्यभर कलमं बांधली, त्यांना विचार.

शुक्रवारी संध्याकाळी घरमालकीणबाई जेवायला बोलावतात, मी जातो. मेणबत्त्या लावून पाव मोडतात. धर्म बदलत नाहीये, आई.

धाकटीच्या लग्नासाठी दीड लाख पाठवलेत. मांडव नि बँडचे त्यातूनच द्या. पतपेढीचा हप्ता या महिन्यात राहिला, पुढच्या महिन्यात दोन भरतो. माझ्या लग्नाचं आत्ता काढू नका. आणि रजा मागितली होती, पण जानेवारीत मिळत नाहीये. धाकटीला अजून सांगू नका, मीच सांगेन.

तुमचा,
बाबू