वरच्या खोलीतली व्हिनाइल फरशी

विनिपेग, कॅनडा

जिभाऊ आणि वहिनी,
सा.न. आई-आबांना माझा नमस्कार सांगा. इकडे आम्ही सगळे मजेत, फक्त बर्फ काही संपत नाहीये.

वरच्या खोलीचा फोटो पाहिला, एकदम लाकडासारखं दिसतंय, भारीच. वहिनी तुम्ही विचारत होता हे पुसायचं कशाने आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून आता सगळं लिहूनच टाकते. इकडे भाड्याच्या घरात सगळीकडे व्हिनाइलच आहे त्यामुळे रोजचं काम आहे माझं.

पहिली गोष्ट, ही फरशी दिसते मजबूत पण आहे शेवटी प्लॅस्टिक, पीव्हीसी. आपण शहाबादीवर बादलीभर पाणी ओतून खराट्याने घासतो आणि डाग गेला नाही की ॲसिड, ते इथे अजिबात नाही. पाणी सांध्यातून खाली गेलं की वाळत नाही, वास येतो, कडा उचलतात. आधी मऊ झाडूने नीट केर काढायचा कारण चरे पाडते ती धूळ, आणि आपल्या जळगावात एप्रिल-मेमध्ये धुळीला काय तोटा! मग कोमट पाण्यात पोछा घट्ट पिळून मारायचा. चिकट वाटलं तर 4 लिटर पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर, बस. इकडे रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, ते बुटांबरोबर घरात येऊन फरशीवर पांढरं धरतं, तेसुद्धा याच पाण्याने निघतं. साबण जास्त घातला की त्याचा थर बसतो आणि फरशी उलट मळकट दिसते, मग बायका म्हणतात माल हलका निघाला. घासायची पावडर आणि तारेची घासणी नकोच. नेलपॉलिश सांडलं तर रिमूव्हरला हात लावू नका, त्यातलं ॲसिटोन वरचा थरच खातं.

हळदीचं मात्र खरं टेन्शन. शेवभाजीचा रस्सा सांडला तर लगेच पुसा, तासभर राहिला की पिवळं मुरतं. मग खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून मऊ फडक्याने हळूहळू चोळायचं, एका दमात नाही गेलं तरी जोर लावू नका.

गरम भांडं खाली ठेवायची आपली सवय आहे ना, भरताची कढई थेट चुलीवरून पंगतीत, ती या खोलीत बंद. एकदा चटका बसला की तो डाग जात नाही, तेवढी पट्टीच बदलावी लागते. आणि जिभाऊ, तो वाफेचा मॉप ऑनलाईन मागवणार होतास तो राहू दे, वाफेने गोंद सुटतो.

कूलर कुठे ठेवणार? खिडकीपाशी ठेवलात तर खाली रबराची मॅट टाकू नका, रबराने व्हिनाइलवर पिवळा डाग पडतो आणि तो कशानेच निघत नाही. टाकी गळत नाही ना तेही बघा. पलंग-कपाटाच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा, सरकवताना उचलूनच. दुपारचं ऊन थेट येतं तिथे पडदा हवाच, रंग उडतो. दिवाळीत रांगोळी आत काढायची तर पाटावर काढा, ते दगडाचं पीठ पायाखाली घासलं जातं.

किचनमध्येही टाकायचं म्हणताय तर आधी दुकानदाराला वरच्या पारदर्शक थराची जाडी विचारा, एकूण जाडी नाही. 0.3 मिमी घराला चालतो, पण किचनला 0.5 घेतलेला बरा. आणि खालची शहाबादी आधी लेव्हल करून घ्या, नाहीतर जुन्या सांध्यांच्या रेघा काही महिन्यांत वर दिसतात. पट्ट्या एकमेकीत अडकवायच्या असतील तर भिंतीकडेने साधारण 6 मिमी फट सोडायला सांगा, आपल्या उन्हाळ्यात त्या फुगणार. मिस्त्री म्हणेल काही गरज नाही, ऐकू नका त्याचं.

जाडी काय सांगतो ते व्हॉट्सॲप करा, मी बघून सांगते. आणि आबांना गुळगुळीत फरशीवर ओले पाय घेऊन चालू देऊ नका.

तुमची,
ताई